पाठीवरचा टॅटू कशाचा, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आलं की पुरवण्यांतून बॅकलेस चोळी आणि पाठीवरचे टॅटू दिसू लागतात. मोर असतो, दांडियांची जोडी असते, गिरकी घेणारी गरबावाली असते. कुठल्या चोळीवर कुठलं चित्र खुलेल आणि ते किती दिवस टिकेल, हेही दिलेलं असतं. तो टॅटू कशाचा आहे, एवढंच नसतं. मेंदी आणि रंगभूषा हे आमचं पोटापाण्याचं काम. बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या मैदानांबाहेर आणि चौपाटीवर काय विकलं जातं ते आम्ही ओळखतो, म्हणून हे पत्र.

‘टेम्पररी टॅटू’ या एका नावाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पाण्याने उतरवायचा कागदी छाप, गोंद आणि चमकीचा टॅटू, एअरब्रशने मारलेला रंग, मेंदी आणि ‘काळी मेंदी’. पहिले तीन प्रकार त्वचेच्या वर बसतात, शेवटचे दोन त्वचेत मुरतात. वर बसलेलं तेलाने किंवा स्पिरिटने त्याच रात्री निघतं. मुरलेला रंग काढता येत नाही. वरची मृत त्वचा रोज थोडी थोडी झडते, तसतसा तो फिका होतो. ‘नाही आवडलं तर उद्या पुसून टाका’ हे वाक्य म्हणूनच पहिल्या तिघांपुरतंच खरं. आणि सुई आली की ‘तात्पुरता’ हा शब्द विसरायचा. ‘दोन वर्षांत आपोआप जाईल’ असं सांगून सुईने घातलेला रंग त्वचेच्या खालच्या थरात बसतो. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण तसंच बसलेलं असतं आणि ते काही गेलेलं नसतं.

कागदी छाप या सगळ्यांत साधा, आणि सगळ्यांत जास्त चुकीचा लावला जाणारा. च्युइंगगमबरोबर मिळायचा आणि मुलं थुंकी लावून मनगटावर दाबायची, तोच हा. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा पातळ थर, त्यावर रंग, त्यावर गोंद आणि गोंदावर पारदर्शक प्लास्टिक. लावताना हे सगळं पालथं होतं आणि गोंद त्वचेला लागतो. म्हणून अक्षरं कागदावर आरशातल्यासारखी उलटी छापलेली असतात. ‘जय अंबे’ कागदावर सरळ वाचता आलं, तर पाठीवर ते उलटं उमटणार. घेताना एवढं बघावं. पाण्याचं काम फक्त कागद सोडवण्याचं. धरून ठेवतो तो गोंद, आणि गोंदाला कोरडी त्वचा लागते. लोक नेमकी त्वचाच आधी ओली करतात, मग चित्र सरकलं म्हणून छापाला नावं ठेवतात.

जागा साबणाने धुऊन, पुसून, वर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. लोशन, सनस्क्रीन, बॉडी स्प्रे, पावडर यांतलं काहीही राहिलं की गोंद धरत नाही. आपल्याकडच्या ऑक्टोबरमध्ये स्पिरिट उडतं न उडतं तोच घाम फुटतो, तेव्हा पाच मिनिटं पंख्याखाली बसून मगच प्लास्टिक काढावं. लव दाट असेल तर छाप केसांवर तरंगतो आणि पहिल्या फेरीतच तडकतो. त्या जागेचं वॅक्सिंग करायचं असेल तर दोन दिवस आधी; वॅक्स केलेल्या दिवशी तिथे कुठलाच टॅटू नको. चित्राची बाजू त्वचेवर ठेवून वरून चांगला ओला कापूस दाबायचा आणि ३० सेकंद थांबायचं, कडाही भिजल्या पाहिजेत. कागद सुटला की तो बोटाखाली आपोआप घसरतो. तो बाजूला सरकवून काढायचा. उचलून ओढला तर मोराचा तुरा कागदाबरोबर येतो. अडला तर पुन्हा पाणी, जोर नाही.

नंतर ओल्या बोटाने हवेचे फुगे दाबायचे, दहा मिनिटं वाळू द्यायचं आणि शेवटी टाल्कम पावडरचा हलका हात. आधी नको असलेली पावडर आता हवी, कारण चित्राच्या कडेला उरलेला चिकटा ती मारते. नाहीतर तासाभरात ओढणीचे धागे आणि मैदानावरची धूळ त्या कडेला बसते आणि चित्राला काळी किनार येते.

पाठीवर लावून घेणारीने हात खाली सोडून सरळ उभं राहावं. वाकलेल्या पाठीची त्वचा ताणलेली असते. छाप तशात लावला तर ती सरळ होताच त्याला सुरकुत्या पडतात. टाळी देताना खांद्याच्या पात्यांवरची त्वचा सर्वांत जास्त हलते, त्यामुळे मोठं चित्र मानेखाली किंवा कमरेच्या वर घ्यावं आणि चोळीच्या नाड्यांपासून दोन बोटं लांब ठेवावं. असा छाप पाठीवर दोन ते पाच दिवस राहतो. कोपर किंवा मनगटावर एक दिवस टिकला तरी पुष्कळ.

काढायला खोबरेल तेल पुरतं. तेल लावून तीन ते पाच मिनिटं तसंच सोडायचं, कारण गोंद भिजायला वेळ लागतो. मग कापसाने गोल फिरवत काढायचं आणि साबणाने धुवायचं. तेल लावल्या लावल्या घासायला घेतलं की त्वचा लाल होते आणि दोष टॅटूला जातो. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, रॉकेल यांना हातही लावू नये.

हा प्रकार साधा असला तरी गोंद बघून घ्यावा. वर्षानुवर्षं एकाच जागी टिकली लावणाऱ्या काही बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. त्यामागे बऱ्याचदा टिकलीच्या गोंदातलं पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन असतं. ते त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं. दोन-चार दिवसांच्या टॅटूला ही तुलना पूर्ण लागू होत नाही. तरी नऊ रात्री नऊ छाप लावायची हौस असेल तर रोज जागा बदलावी आणि पाकिटामागे घटक छापले नसतील तर ते पाकीट परत ठेवावं. घरच्या प्रिंटरवर छापून द्यायचे टॅटूही हल्ली ऑर्डरीवर मिळतात. प्रिंटरची शाई कागदासाठी बनवलेली असते. लहान मुलांना तो प्रकार नकोच.

चमकीच्या टॅटूत स्टेन्सिल चिकटवून आत त्वचेसाठीचा गोंद लावतात. तो लावताना पांढरा दिसतो, पारदर्शक झाला की कोरड्या ब्रशने चमकी भरतात आणि मग स्टेन्सिल काढतात. गोंद पांढरा असतानाच चमकी टाकली तर तिचे गोळे होतात आणि स्टेन्सिलबरोबर कडा उचलून येतात. घाई करणाऱ्या प्रत्येक स्टॉलवर हे दिसेल. खरी गडबड मालात असते. लाकडाचा किंवा कागदकामाचा पांढरा गोंद यासाठी नसतो. खोट्या पापण्यांच्या काही गोंदांत लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक असतो आणि त्याची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना तिथेच गांध्या उठतात. चमकी सौंदर्यप्रसाधनाची हवी. शुभेच्छापत्रांवर लावायची चमकी जाड असते, तिच्या कडा धारदार असतात आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा उठतो. म्हणून दांडिया खेळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांभोवती चमकी लावूच नये. एअरब्रशबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यात स्पिरिटवर आधारलेला रंग असतो, घामाला टिकतो, स्पिरिटने जातो. मारताना डोळे मिटावेत आणि शेजारी दिवा-उदबत्ती नसावी.

आता मेंदी. ‘काळी मेंदी’ विकली का जाते, हे कळायला आधी खरी मेंदी कशी रंगते ते माहीत हवं. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. लिंबाच्या आंबटपणाने ते पानातून सावकाश सुटतं आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. हा थर जितका जाड तितका रंग गडद. म्हणून तळहात आणि तळपाय तपकिरी-काळपट होतात, मनगटाच्या वर तीच मेंदी विटकरी दिसते आणि पाठीवर फार तर बदामी-नारिंगी. पाठीवर काळीभोर मेंदी चढत नाही, कितीही चांगली भिजवली तरी. लवंगांची धुरी, साखर-लिंबाचा हात, निलगिरीचं तेल, काहीही करा. गिऱ्हाइकाला मात्र फोटोतला काळा मोर हवा असतो. तिथून पुढचा सगळा प्रकार सुरू होतो.

खऱ्या मेंदीला वेळही लागतो. वस्त्रगाळ केलेल्या १०० ग्रॅम मेंदीला साधारण ३० ग्रॅम साखर, ३० मिलीलिटर तेल (कायापुटी, टी ट्री किंवा निलगिरी; लवंगेचं तेल त्वचेला झोंबतं, ते टाळावं) आणि दह्याइतकं सैल होईल एवढा लिंबाचा रस व पाणी. हे झाकून ठेवल्यावर आपल्या हवेत आठ-दहा तासांत रंग सुटतो, मे महिन्यात त्याहूनही आधी. तळहातावर ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसावा. नारिंगी डाग राहिला तर मेंदी तयार. मग ती कोनात भरून लगेच फ्रीजरमध्ये. बाहेर दोन दिवस राहिलेला कोन हिरवा दिसतो, पण रंग देत नाही. काढलेली मेंदी सहा ते आठ तास ठेवावी, खरवडून काढावी, पाणी लावू नये. काढल्याबरोबर रंग नारिंगी, भोपळ्यासारखा असतो. हवा लागून ४८ तासांत तो तपकिरी होत जातो. म्हणजे पहिल्या माळेला रंग हवा असेल तर मेंदी दोन दिवस आधी काढायला हवी, त्याच संध्याकाळी मैदानाबाहेर बसून नव्हे.

तेव्हा ‘अर्ध्या तासात काळी’ असं कोणी म्हणालं की ती मेंदी नाही. लॉसोन असा काळाभोर रंग देतच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या जागुआ फळाच्या रसाने त्वचेवर निळसर-काळा रंग येतो हे खरं, पण तोही एक-दोन दिवसांनीच पुरता दिसतो आणि ते आयात जेल चौपाटीच्या भावात कोणाला परवडत नाही. झटपट काळं होतं ते बहुतेक वेळा पॅराफिनाइलिनडायमिन, म्हणजे केसांच्या रंगातलं पीपीडी. केस काळे करायची पूड किंवा ‘काळी मेंदी’ची पाकिटं कोनात भरली की काम झालं. केसांना ही पूड अर्धा तास लावून धुवायची असते. त्वचेवर ती वाळेपर्यंत तास-दोन तास राहते, आणि किती घातली याचं माप कोणाकडे नसतं. युरोपात केसांच्या तयार मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि त्वचेवर वापरायला परवानगीच नाही. काळ्या मेंदीच्या तपासलेल्या काही नमुन्यांत ते १५ टक्क्यांच्या पुढे निघालेलं आहे. अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये पीपीडीला ‘वर्षाचं ॲलर्जन’ ठरवलं होतं, ते उगाच नाही.

स्टॉलवाला म्हणतो, ‘एवढी वर्षं लावतोय, कुणाची तक्रार आली नाही.’ तो खोटं बोलत असेलच असं नाही. पहिल्यांदा पीपीडी लागल्यावर शरीर त्याची ओळख करून घेतं, त्यात आठ-पंधरा दिवस जातात. नवरात्र संपून दिवाळीची तयारी सुरू झालेली असते आणि तेव्हा पाठीवर त्याच मोराच्या आकारात खाज, लाली, मग पाण्याचे फोड उठतात. तोवर स्टॉल उठलेला असतो. ज्यांना आधीच ॲलर्जी जडली आहे, त्यांना पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत त्रास होतो आणि तो जास्त जोराचा असतो. फोड बसल्यावर त्या जागी मोराचा पांढरा किंवा काळा डाग काही महिने राहतो, काहींना उंचवट्याचा व्रण राहतो.

हा डाग गेला तरी ॲलर्जी जात नाही. पंधराव्या वर्षी पाठीवर लावलेल्या काळ्या मोराचा हिशोब पस्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा केस रंगवताना निघू शकतो. टाळू ओली होते, पापण्या सुजून डोळे मिटतात. काहींना त्यानंतर बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असलेली मलमं, काही सल्फा औषधं, कपड्यांचे काही गडद रंगही सोसत नाहीत. ‘पॅच टेस्ट केली होती’, म्हणजे आधी थोडंसं लावून पाहिलं होतं, हे उत्तरही इथे पुरेसं नाही. ती चाचणी ॲलर्जी आधीच आहे का ते सांगते. आज लावल्यामुळे जडेल का, ते सांगत नाही. शिवाय ४८ तास थांबून गरब्याच्या मैदानावर कोण परत येणार?

ओळखायला फार शिकावं लागत नाही. कोनाचं टोक कापून थोडी मेंदी टिश्यूवर काढायला सांगा. खरी मेंदी हिरवट-तपकिरी, किंचित रवाळ असते, तिला ओल्या पानाचा आणि तेलाचा वास येतो, टिश्यूवर तिच्याभोवती नारिंगी ओल पसरते. शाईसारखी काळी, गुळगुळीत, बिनवासाची किंवा केसांच्या रंगाचा नाहीतर पेट्रोलचा भपका मारणारी असेल तर उठावं. लाकडी ठसा काळ्या पाण्यात बुडवून हातावर मारणारे चौपाटीवर फिरतात, त्यांच्या वाटीलाही हाच नियम. ‘दहा मिनिटांत लाल’ म्हणून मिळणारे तयार कोनसुद्धा खऱ्या मेंदीचे नसतात, कारण इतक्या लवकर लॉसोन त्या रंगाला येत नाही. आणि खरी मेंदीसुद्धा तान्ह्या बाळाच्या हातापायांना भरून लावू नये. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी मेंदीने फुटल्याच्या नोंदी आहेत आणि बहुतेक घरांत ही तपासणी झालेली नसते.

काळी मेंदी लागलीच असेल तर ओली असतानाच भरपूर साबण-पाण्याने धुवावी. वाळून रंग चढल्यावर घासून काही उपयोग नाही, त्वचा मात्र सोलते. फोडांवर हळद, लिंबू, टूथपेस्ट लावू नये. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे जाताना टॅटू काढला त्या दिवसाचा फोटो आणि मिळाला तर कोन बरोबर न्यावा, तारीख सांगावी. पुढे केस रंगवायची वेळ आली की पार्लरमध्ये आणि दाताच्या डॉक्टरांकडे, दोन्हीकडे ही ॲलर्जी सांगावी.

आता मागणी. शरीर सजवण्यासाठी त्वचेला जे काही लावलं जातं, ते १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनच ठरतं. मेंदीचा कोन त्याला अपवाद नाही. पीपीडी असलेल्या केसरंगाच्या पाकिटावर ‘आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका’ ही सूचना छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. पूड पाकिटातून कोनात गेली की सूचना पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते आणि गिऱ्हाइकाच्या हातात येतो तो सेलोफेनचा कोरा कोन. अन्न व औषध प्रशासनाने सणाआधी घाऊक बाजारातले बिननावाचे काळे कोन तपासावेत. पण मैदानावरचा उपाय आयोजकांच्याच हातात आहे. स्टॉलचं भाडं घेताना खाण्याच्या स्टॉलला जशा अटी घालता तशीच एक ओळ मेंदी-टॅटूच्या स्टॉलला घाला: उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि घटक छापलेला मालच वापरायचा, हाताने भिजवलेली मेंदी असेल तर कधी भिजवली आणि त्यात काय घातलं ते फलकावर लिहायचं, काळी मेंदी नाही.

आणि आपल्या पुरवणीला एवढीच विनंती. पाठीवरच्या काळ्या मोराचा फोटो छापाल तेव्हा खाली ‘कागदी छाप’, ‘एअरब्रश’ की ‘जागुआ’ ते लिहा. तो फोटो मोबाइलवर दाखवून मुली आमच्यासमोर बसतात आणि ‘सेम असंच, मेंदीने’ म्हणतात.

आपल्या,
मेंदी व रंगभूषा करणाऱ्या आम्ही काही जणी
दादर – बोरिवली, मुंबई